भरतीचे गणित करणारी चाके

रायपूरच्या शाळेत शिकणाऱ्या पुष्कळ विद्यार्थ्यांनी समुद्र पाहिलेला नसतो. खारून आणि महानदी या त्यांच्या ओळखीच्या नद्या. त्यांचे पाणी पावसाळ्यात चढते व उन्हाळ्यात उतरते; परंतु दिवसातून दोन वेळा चढणारे आणि दोन वेळा उतरणारे पाणी ही गोष्ट त्यांना पुस्तकातूनच समजून घ्यावी लागते. असे असले तरी रायपूरचा समुद्राशी संबंध नाही असे मात्र नव्हे. १९३१ साली रायपूर व विजयानगरम यांना जोडणारा लोहमार्ग पुरा झाला आणि १९३३ साली विशाखापट्टणचे नवे बंदर खुले झाले. या दोन कामांमुळे या प्रदेशातील मालाला जवळच्या समुद्राची वाट मिळाली. आता बंदरापर्यंत पोहोचलेला माल ज्या जहाजात चढवावयाचा, ते जहाज बंदरात केव्हा आत घ्यावे व केव्हा बाहेर काढावे, हे तेथील पाण्याच्या खोलीवर अवलंबून असते. भरलेले जहाज पाण्यात खोल बुडते. ओहोटीच्या वेळी ते आणले आणि तळ गाळात रुतला, तर जहाज, माल आणि प्रसंगी माणसेही संकटात येतात.

म्हणून प्रत्येक बंदराला एक कोष्टक लागते. अमुक दिवशी अमुक वाजता पाणी सर्वांत वर येईल व त्याची उंची इतकी असेल, असे त्यात वर्षभर आधी छापलेले असते. हे भाकीत करावे कसे? विजेवर चालणारे संगणक येण्याच्या कितीतरी आधी हे काम पितळी दातेरी चाकांचे एक यंत्र करीत असे, आणि अशा यंत्रांपैकी अगदी आरंभीचे एक खास भारतातील बंदरांसाठी १८७९ साली तयार झाले होते. त्या यंत्राची रचना समजून घेतली म्हणजे यंत्राने गणित करणे म्हणजे काय आणि यंत्राला आज्ञा देणे म्हणजे काय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

तिथीचा हिशोब

कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशोब आहे. तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, आणि येईल तितके तास दुपारच्या किंवा मध्यरात्रीच्या बारा वाजल्यापासून मोजावे. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमारास भरती. मुंबईच्या परिसरात हा हिशोब बऱ्यापैकी जुळतो. कोळ्याला किंवा तरी चालविणाऱ्याला कागद-लेखणीची गरज पडत नाही.

या हिशोबाच्या मुळाशी चंद्र आहे. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज जवळजवळ तितकीच मागे पडते. एका तिथीचा वाटा काढला तर तो ४८ मिनिटांचा भरतो. पाऊणपटीच्या हिशोबात आपण ४५ मिनिटेच धरतो. म्हणजे दर तिथीला तीन मिनिटांची चूक होते आणि पंधरवड्याच्या अखेरीस ती पाऊण तासापर्यंत साचते. परंतु अमावास्या किंवा पौर्णिमा झाली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि साचलेली चूक आपोआप धुऊन निघते. हिशोब कोणी बसविला हे सांगता येत नाही. बसविणारा मात्र व्यवहारचतुर होता यात शंका नाही.

मासेमारीच्या होडीला एवढे पुरते. मोठ्या जहाजाला पुरत नाही. भरतीची वेळ कळली तरी पाणी किती चढेल हे त्यातून कळत नाही, आणि मुंबईत तर उधाणाच्या दिवशी पाण्याचा चढउतार चार मीटरांहूनही अधिक असतो, भांगाच्या दिवशी त्याच्या निम्म्याहूनही कमी.

एका भरतीचे अनेक घटक

भरती केवळ चंद्राची नसते. सूर्याचीही असते. सूर्याची भरती बरोबर १२ तासांनी येते. चंद्राची १२ तास २५ मिनिटांनी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास या दोन लाटा एकमेकींवर चढतात व उधाण येते; अष्टमीच्या सुमारास एकीचा चढ व दुसरीचा उतार एकत्र येऊन भांग होतो. येथपर्यंत गोष्ट सोपी आहे. पण चंद्र पृथ्वीपासून नेहमी सारख्या अंतरावर नसतो. जवळ आला की त्याची ओढ वाढते. या फरकाचा हिशोब ठेवण्यासाठी १२ तास ३९ मिनिटांची आणखी एक लहान लाट मानावी लागते. चंद्र विषुववृत्ताच्या कधी उत्तरेस तर कधी दक्षिणेस असतो, त्यामुळे दिवसातील दोन भरत्या सारख्या उंचीच्या होत नाहीत. त्यासाठी सुमारे एकेका दिवसाच्या लाटा घ्याव्या लागतात, एक २३ तास ५६ मिनिटांची, दुसरी २५ तास ४९ मिनिटांची. उथळ पाण्यात लाटेचा आकार बिघडतो, त्याच्या आणखी वेगळ्या लाटा. अशा रीतीने समुद्राचा खरा चढउतार म्हणजे वीस-पंचवीस साध्या, नियमित लाटांची बेरीज होय.

यातील एक गोष्ट पुढे फार उपयोगी पडणार आहे, म्हणून ती येथेच नमूद करतो. या लाटांचे काल सर्व बंदरांना सारखेच असतात, कारण ते आकाशातील सूर्य-चंद्रांच्या गतीवरून ठरतात. प्रत्येक लाटेची उंची आणि तिची वेळ मात्र बंदरागणिक बदलते, कारण ती किनाऱ्याचा आकार व समुद्राची खोली यांवर अवलंबून असते. मुंबईसाठी ती एक, कराचीसाठी दुसरी, विशाखापट्टणसाठी तिसरी. ती गणिताने काढता येत नाही. समुद्राला विचारूनच काढावी लागते.

समुद्राला विचारण्याचे हे काम भारतात कॅप्टन ए. डब्ल्यू. बेअर्ड या अधिकाऱ्याने हाती घेतले. तो महात्रिकोणमितीय सर्वेक्षण खात्यात होता. १८७३ च्या सुमारास त्याला कच्छच्या आखातावर पाठविण्यात आले, ते जमीन समुद्राच्या मानाने वर येत आहे की खाली जात आहे याचा निर्णय करण्यासाठी. पुढे सरकारने इतर बंदरांतही भरतीमापके बसविण्यास संमती दिली आणि १८७८ साली मुंबईस अपोलो बंदरावर असे उपकरण चालू झाले. एका विहिरीतील तरंगता गोळा पाण्याबरोबर वर-खाली होतो व त्याला जोडलेली लेखणी फिरत्या कागदावर रेषा ओढते, एवढीच त्याची रचना. त्या रेषेवरून दर तासाची उंची वाचावयाची. वर्षाच्या ८,७६० उंच्या होतात. त्यांची निरनिराळ्या प्रकारे मांडणी व बेरीज करून प्रत्येक लाटेचा वाटा वेगळा काढावयाचा. हे सारे काम माणसे हाताने करीत. सर्वेक्षण खात्यात अशा माणसांच्या पदाचे नावच ‘कॉम्प्युटर’ असे होते. एव्हरेस्ट शिखराच्या उंचीच्या गणिताशी ज्यांचे नाव जोडले जाते ते राधानाथ सिकदार १८३१ साली याच पदावर खात्यात आले होते. आज जो शब्द आपण यंत्राला लावतो, तो त्या काळी माणसाच्या हुद्द्याचा होता. मुख्य गणकाचे नाव इतिहासात राहिले. त्याच्या हाताखाली बेरजा करणाऱ्या बहुतेकांची नावे राहिली नाहीत.

लाटा वेगळ्या काढल्या, तरी काम अर्धेच झाले. आता पुढील वर्षाचे भाकीत करावयाचे तर त्या सर्व लाटा पुन्हा एकत्र मिळवावयाच्या. चोवीस लाटा आणि ८,७६० तास धरले तर २,१०,२४० संख्या काढाव्या लागतील. कोष्टके समोर ठेवून एका संख्येस एक मिनिट लागते असे मानले, आणि माणूस रोज आठ तास काम करतो असे धरले, तर एका बंदराच्या एका वर्षासाठी ४३८ दिवस हवेत. भाकीत पुरे होण्याच्या आतच भरती येऊन जाईल! अर्थात अनुभवी गणक मध्ये पुष्कळ आडवाटा काढीत. पण अनेक बंदरांची कोष्टके दरवर्षी काढावयाची झाली तर आडवाटांनीही भागण्यासारखे नव्हते.

दोरी, कप्प्या आणि भुजा

उपाय सुचविला तो विल्यम टॉम्सन यांनी, जे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झाले. त्यांचे पहिले भरती वर्तविणारे यंत्र १८७२-७३ मध्ये तयार झाले. कल्पना इतकी साधी आहे की ती आधी कोणाला का सुचली नाही याचेच नवल वाटते.

एक बारीक, न ताणली जाणारी तार घ्यावी. तिचे एक टोक पक्के बांधावे. ती एका कप्पीच्या वरून, दुसरीच्या खालून, तिसरीच्या वरून अशी न्यावी आणि दुसऱ्या टोकाला लेखणी टांगावी. आता एक कप्पी थोडी वर उचलली तर तार त्या कप्पीच्या दोन्ही अंगांनी ओढली जाते व लेखणी त्याच्या दुप्पट सरकते. दोन कप्प्या एकदम हलविल्या तर लेखणी दोहोंच्या हालचालींची बेरीज दाखविते. एक वर व एक खाली नेली तर वजाबाकी. म्हणजे तार बेरीज करते. आकडे नाहीत, हातचा नाही, विसरणे नाही.

प्रत्येक कप्पी एका भुजेला जोडलेली असते व ती भुजा एका चाकाबरोबर फिरते. भुजा फिरली की कप्पी एका लयीत वर-खाली होते. ही एक लाट झाली. भुजेची लांबी कमी-अधिक केली की लाटेची उंची बदलते. आरंभी भुजा कोणत्या कोनावर ठेवावयाची यावर लाटेची वेळ ठरते. आणि चाक किती वेगाने फिरते यावर लाटेचा काल. सर्व चाके दातेरी चक्रांनी एका मुख्य दांड्याला जोडलेली. दांड्याचा दट्ट्या फिरविला की सारी चाके आपापल्या वेगाने फिरू लागतात, कागदाची गुंडाळी पुढे सरकते व लेखणी वर्षभराच्या समुद्राची रेषा काही तासांत काढून देते. मग माणसाने त्या रेषेवरील माथे व तळ वाचून कोष्टक भरावयाचे.

सारी मेख दात्यांत आहे. सूर्याच्या भरतीचा काल १२ तास. चंद्राच्या भरतीचा १२ तास, २५ मिनिटे, १४ सेकंद. समजा, सूर्याच्या दांड्यावर २८ दात्यांचे चाक बसविले व त्याने चंद्राच्या दांड्यावरील २९ दात्यांचे चाक फिरविले. मग चंद्राच्या लाटेचा काल १२ तास २५ मिनिटे ४३ सेकंद येतो. चूक केवळ २९ सेकंदांची! कोणीही म्हणेल, एवढी चालेल. पण वर्षात अशा सुमारे ७०५ भरत्या येतात, आणि २९ सेकंदांची ही चूक साचत साचत वर्षअखेर साडेपाच तासांवर जाते. कोष्टकात भरती लिहिलेली असेल आणि बंदरात जवळजवळ ओहोटी असेल.

त्याऐवजी ५७ व ५९ दात्यांची चाके घेतली तर? काल १२ तास २५ मिनिटे १६ सेकंद येतो. चूक दोन सेकंदांहून कमी आणि वर्षअखेर १९ मिनिटांची. हे ५९ व ५७ आकडे कोठून आले, हे पंचांग पाहणाऱ्याच्या लगेच ध्यानात येईल. ५९ अर्धे दिवस म्हणजे साडेएकोणतीस दिवस. हा एक चांद्रमास. चांद्रमासाचा खरा सरासरी काल २९.५३ दिवसांचा आहे. आपण साडेएकोणतीसच धरला म्हणून १९ मिनिटे चुकली. ३० व २९ दिवसांचे महिने आलटून पालटून घेणाऱ्याची जी चूक होते, तीच येथे पितळेत उमटली. अधिक अचूकपणा हवा असेल तर दोन-तीन चक्रांच्या जोड्या साखळीने लावाव्या लागतात, आणि यंत्र करणाऱ्याची खरी कसोटी तेथेच लागते. (वरील दात्यांचे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, प्रत्यक्ष यंत्रातील चक्रे याहून काळजीपूर्वक निवडलेली असतात.)

भारतासाठी केलेल्या यंत्राची आखणी एडवर्ड रॉबर्ट्स या गणितज्ञाने केली. त्यात प्रथम वीस लाटांची सोय होती, नंतर ती चोवीसपर्यंत वाढविण्यात आली. या यंत्राच्या श्रेयावरून टॉम्सन व रॉबर्ट्स यांच्यात वादही झाला. प्रस्तुत लेखकाच्या मते मूळ कल्पनेचा मान टॉम्सन यांचा. परंतु वीस चाकांचे दाते मोजून बसविणाऱ्याचे नाव तळटिपेत घालणे न्यायाचे नाही. यंत्र बरीच वर्षे इंग्लंडातच राहिले. मोजमापे भारतातून जात व कोष्टके छापून परत येत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते डेहराडूनला सर्वेक्षण खात्याकडे आले. भारतीय बंदरांची भरतीची कोष्टके आजही हेच खाते प्रसिद्ध करते. यंत्र मात्र निवृत्त झाले आहे.

यंत्राला जे शिकविलेले नव्हते ते त्याला कळणे शक्य नव्हते. १८८३ च्या ऑगस्टमध्ये जावाजवळील क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला व त्याच्या लाटा भारताच्या किनाऱ्यावरील भरतीमापकांच्या कागदांवर उमटल्या. बेअर्डने त्यांचा अहवाल लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठविला. भाकिताची रेषा त्या दिवशी नेहमीसारखीच गुळगुळीत होती. समुद्राची तशी नव्हती.

यंत्राला आज्ञा देणे

या यंत्राला संगणक म्हणावे काय? ते गणित करते यात वाद नाही. मुंबईची कोष्टके झाली की भुजांची लांबी व कोन बदलून त्याच दिवशी कराचीचे काम सुरू करता येते. परंतु त्याच यंत्राला कारकुनांच्या पगाराचा हिशोब करावयास सांगा, ते करू शकणार नाही. कोणते गणित करावयाचे हे त्याच्या चाकांत कोरलेले आहे. बदलता येतात ते केवळ गणितात घालावयाचे आकडे.

ही मर्यादा ओलांडण्याचा विचार त्याहीपूर्वी झालेला होता, आणि तो भरतीच्या यंत्राइतका यशस्वी झाला नाही. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने १८२२ च्या सुमारास कोष्टके तयार करणारे एक यंत्र आखले. सरकारी पैसा खर्च झाला, पण ते पुरे झाले नाही. १८३४ पासून तो त्याहून मोठ्या यंत्राच्या मागे लागला. आकडे साठविण्याचा भाग वेगळा, त्यांवर क्रिया करणारा भाग वेगळा, आणि कोणती क्रिया केव्हा करावयाची हे सांगणारी भोके पाडलेली पत्रे तिसरी. ही पत्रे त्याने जॅकार्डच्या मागावरून उचलली. नक्षीदार काठाचे कापड विणणाऱ्यास ती ठाऊक असतात: मागावरील पत्रांची माळ बदलली की माग तोच राहून नक्षी बदलते. बॅबेजच्या यंत्रात पत्रांची माळ बदलली की यंत्र तेच राहून गणित बदलावे, अशी योजना होती. १८४३ साली एडा लव्हलेस या विदुषीने या यंत्रावरील एका लेखाचे भाषांतर करून त्याला मूळ लेखाहून दीर्घ टिपा जोडल्या आणि एका अवघड संख्यामालेचे गणित यंत्राने कोणत्या क्रमाने करावे, याचा तक्ता दिला. यंत्र कधीच पुरे झाले नाही. जे यंत्र नव्हते, त्याच्यासाठी आज्ञावली मात्र लिहून झाली होती.

मुंबईपुरती या कथेची दुसरी बाजू अपोलो बंदरापासून हाकेच्या अंतरावर सुरू झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्था त्या वेळी बंदरालगतच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. १९५४ पासून आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली संस्थेतील तरुण मंडळींनी संगणक बांधावयास घेतला. यापूर्वी असे यंत्र त्यांच्यापैकी कोणी बांधलेले नव्हते. १९५६ मध्ये लहान, प्रायोगिक यंत्र चालू झाले. मोठे १९६० च्या फेब्रुवारीत कामास लागले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या आणि फेराइटच्या चिमुकल्या कड्यांचा स्मृतिकोश होता. १९६२ च्या जानेवारीत संस्थेच्या नव्या वास्तूच्या उद्घाटनप्रसंगी पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले.

भरतीच्या यंत्राशी त्याची तुलना केली तर फरक चटकन कळतो. टिफ्रॅकमध्ये आकडे जेथे साठविले जात, तेथेच आज्ञाही साठविल्या जात. आज्ञा म्हणजे शून्य आणि एक यांची एक रांगच. कागदी पट्टीवर भोके पाडून ती यंत्रात घालावयाची, की त्या दिवसापुरते ते यंत्र त्या गणिताचे. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या. विश्वविद्यालयांतील व इतर संस्थांतील संशोधक आपापली गणिते घेऊन तेथे येत असत. एका भोकाची चूक झाली की सारे उत्तर चुके, आणि ती चूक पट्टी डोळ्यांसमोर धरून शोधावी लागे; २८ आणि ५७ दात्यांतून एक निवडणाऱ्या कारागिराची काळजी आता पट्टीला भोके पाडणाऱ्याच्या वाट्यास आली होती. १९६४ साली संस्थेत सी.डी.सी. ३६०० हा परदेशी बनावटीचा मोठा संगणक आला आणि टिफ्रॅकचे काम संपत आले.

विद्यार्थ्यांनी करून पाहावे

ज्या दिनदर्शिकेत मुंबईच्या भरतीच्या वेळा दिलेल्या असतात, अशी एक मिळवा. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंतच्या वेळा वहीत उतरा व शेजारी तिथीच्या पाऊणपटीने आलेल्या वेळा लिहा. दोहोंतील फरक कोणत्या तिथीस सर्वांत मोठा आहे ते पाहा. त्यानंतर फळीवर खिळा ठोकून त्याला दोरा बांधा, दोरा दोन रिकाम्या रिळांवरून नेऊन टोकाला पेन्सिल अडकवा, आणि एकाने एक रीळ १२ मोजून, दुसऱ्याने दुसरे १३ मोजून वर-खाली करावे. तिसऱ्याने पेन्सिलीखालून कागद सावकाश ओढावा. उधाण व भांग कागदावर दिसू लागण्यास किती फेरे लागतात, ते मोजावे.